कृष्णा, वेण्णा, कोयना: महाबळेश्वर ते कराड, नदीकाठानं पाच दिवस

कृष्णा, वेण्णा आणि कोयना या तिघी महाबळेश्वरच्या एकाच पठारावर उगम पावतात आणि तिथंच फाकतात. कृष्णा पूर्वेला उतरून धोम-वाईकडे जाते. वेण्णा केळघर-मेढ्याच्या खोऱ्यातून साताऱ्याकडे येते. कोयना सह्याद्रीच्या कण्याला धरून सरळ दक्षिणेला निघते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते. पुढं वेण्णा माहुलीला कृष्णेत मिळते, कोयना कराडला. तिन्ही उगम आणि दोन्ही संगम एकट्या सातारा जिल्ह्यात असल्यामुळे पाच दिवस, चार मुक्काम आणि पुण्याहून जाऊन-येऊन साडेपाचशे-सहाशे किलोमीटरमध्ये हे सगळं बसतं.

आखणी करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. या वाटेवर आपण ज्या पाण्याकाठी तंबू लावतो ते बहुतेक ठिकाणी वाहत्या नदीचं नसतं, धरणाच्या फुगवट्याचं असतं. धोम, कण्हेर आणि कोयनेचा शिवसागर हे तीन जलाशय या सहलीचा खरा नकाशा आहेत. पाणी कुठवर असेल, होडी कुठून सुटेल, तंबूखालची जमीन घट्ट असेल की चिखल, हे सगळं धरणाच्या साठ्यावर ठरतं.

कधी निघायचं

ऑक्टोबरचा मध्य ते जानेवारीअखेर. या काळात जलाशय भरलेले, ओढ्यांना पाणी, रस्ते बऱ्यापैकी डागडुजी झालेले आणि वासोटा किल्ल्याची वाट खुली असते. फुलांसाठी कास पठार पाहायचं असेल तर सप्टेंबर गाठावा लागतो, पण तेव्हा तंबूचा नाद सोडा. जमीन ओली असते, जळवा असतात आणि पाऊस कधीही येतो. जून ते ऑगस्टमध्ये ही सहल करूच नये. केळघर आणि आंबेनळी या दोन्ही घाटांत दरडी येतात, आणि महाबळेश्वर-नवजा पट्टा राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या पट्ट्यांपैकी एक आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, तो याच डोंगराच्या पश्चिम उतारावरून आलेल्या पाण्यानं. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं, वणव्याची भीती वाढते आणि जलाशयाचा काठ मैलभर मागं सरकतो.

निघायच्या आठवड्यात सातारा-सांगलीच्या वर्तमानपत्रांत किंवा जलसंपदा विभागाच्या दैनंदिन आकड्यांत कोयनेचा साठा बघा. पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). आकडा नव्वदच्या वर असेल तर शिवसागराकाठच्या तापोळा-बामणोलीला पाणी गावाच्या पायरीशी असतं. तो निम्म्यावर आला की काठ आणि पाणी यांच्यामध्ये गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो, होडीपर्यंत बरंच खाली चालावं लागतं, आणि वासोट्याच्या पायथ्याचं चालणंही वाढतं.

जागा निवडताना

भरलेल्या जलाशयाची खूण काठावरच असते. गवत आणि झुडपं जिथं संपतात आणि उघडी माती सुरू होते, ती पूर्ण भरलेल्या पाण्याची रेघ. त्याच्या आसपास वाळक्या काड्या, प्लास्टिकच्या बाटल्या आणि पानांचा पट्टा अडकलेला दिसतो. तंबू या रेघेच्या वरच. खाली सपाट, मऊ आणि पाण्याला खेटून अशी फार मोहक जागा दिसते. नेमकी तीच चुकीची.

पहिलं कारण, परतीचा पाऊस. ऑक्टोबरात वर घाटमाथ्यावर एक सर जोरात झाली की रात्रीत पाणी वर सरकतं. काठाचा उतार अगदी कमी असल्यामुळे उंचीनं वीतभर वाढलेलं पाणी आडवं कित्येक मीटर आत येतं. दुसरं कारण, गाळ. वरून सुकून पापडी धरलेला असतो, पण खाली हातभर ओला. टाचेनं जोरात दाबून बघा. पापडी फुटून ओलावा वर आला तर तिथं तंबू नाही, आणि गाडी तर अजिबात नाही. दर वर्षी पाण्याजवळ फोटो काढायच्या हौसेनं गाड्या रुततात आणि गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

रुतलीच, तर अॅक्सिलरेटर दाबत बसू नका. चाक फिरत राहिलं की स्वतःचा खड्डा खणतं आणि गाडीचं पोट जमिनीला टेकतं. माणसं उतरवा, चाकांपुढची माती हातानं किंवा खुरप्यानं उतरती करा, टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, पायपुसणी चाकाखाली सारा, आणि दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू क्लच सोडत बाहेर या. हवा उतरवलेल्या चाकांवर डांबरी रस्त्यावर वेगानं जाता येत नाही, म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप सोबत हवाच.

ओढा जलाशयाला मिळतो तिथंही तंबू नको. तीच वाट गुरांची, रानडुकरांची आणि गव्यांची पाण्यावर यायची असते, आणि रात्री डोंगरावरून उतरणारी गार हवासुद्धा त्याच घळीतून येते. उंचवट्यावर दहा-पंधरा मीटर बाजूला गेलं तरी थंडीत चांगलाच फरक जाणवतो.

धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात मुक्काम करायचाच नाही, मग पात्र कितीही कोरडं आणि वाळू कितीही स्वच्छ असो. धोम, कण्हेर, कोयना या तिन्ही धरणांतून पाणी सोडलं जातं. कोयनेच्या पायथ्याच्या वीजगृहातून वीजनिर्मितीचे किती संच चालू आहेत त्याप्रमाणे सुमारे १०५० किंवा २१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी नदीत येतं आणि दरवाजे उघडले तर त्याच्या कित्येक पट. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो, इशारे दिले जातात; पण झोपलेल्या परक्या माणसाला त्या भोंग्याचा अर्थ कळायला हवा ना.

जमीन कुणाच्या तरी मालकीची आहे हेही लक्षात ठेवा. तापोळा, बामणोली आणि धोमच्या काठानं कृषी पर्यटनाची केंद्रं आणि तंबूवाले आहेत. त्यांच्या आवारात स्वतःचा तंबू लावायला बहुतेक जण थोड्या भाड्यात परवानगी देतात. संडास आणि पाणी मिळतं, रात्री कुणी विचारायला येत नाही. मोकळ्या रानात लावायचा असेल तर गावात पोलीस पाटलांना सांगून जागेच्या मालकाला विचारा. कोयना अभयारण्याच्या हद्दीत, म्हणजे वासोट्याच्या बाजूच्या काठावर, मुक्काम आणि जाळ दोन्हींना बंदी आहे. कास पठारावरही तंबू चालत नाही.

पहिला दिवस: वाई, मेणवली, धोम

पुण्याहून वाई सुमारे नव्वद किलोमीटर. सकाळी सहाला निघालात तर खंबाटकी घाटात मालट्रकांच्या मागं अडकायची वेळ टळते आणि नाष्ट्याला वाईत पोचता. गाडी घाटाजवळच्या अरुंद गल्ल्यांत घालू नका, बाहेर लावून चाला. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधलं. बघायची ती मागची भिंत. तिचा आकार माशासारखा निमुळता आहे, कारण पुराचं पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी जावं. घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहून वरच्या दिशेला बघितलं की पूर कुठून यायचा ते समजतं. हिवाळ्यात वाईच्या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव असतो. त्या दिवसांत गाडी लावायला जागा मिळणं अवघड.

मेणवली तिथून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागं अर्धगोल वळणाचा कृष्णेचा घाट आणि तिथं टांगलेली मोठी पोर्तुगीज घंटा. ही १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेल्या घंटांपैकी एक. पाण्याला लागून असलेल्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेवढं जपून.

मुक्काम धोमच्या फुगवट्याकाठी. दुपारी हातात वेळ असेल तर बामणोलीचे दोन दिवस जमेस धरून इथं पाय जास्त दमवू नका. ज्यांना वासोटा करायचाच नाही त्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नांदगणे गावातून कमळगड हा किल्ला करावा. चढ दोन ते अडीच तासांचा, बराचसा झाडीतून. वाटेत गोरक्षनाथाचं देऊळ लागतं. गडावर तटबंदी किंवा दरवाजा असं फारसं काही नाही, पण कावेची विहीर आहे. कातळात पन्नासेक पायऱ्या उतरत जातात आणि भिंती गेरूच्या, लालभडक. पायऱ्या ओल्या आणि अंधाऱ्या असल्यानं विजेरी लागतेच. माथ्यावरून एका बाजूला कृष्णेचं, दुसऱ्या बाजूला वाळकीचं खोरं दिसतं. प्रत्येकी दोन लिटर पाणी खालूनच भरून घ्या.

दुसरा दिवस: उगम आणि तापोळा

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी तेरा, तिथून महाबळेश्वर एकोणीस किलोमीटर. शनिवार-रविवारी आणि नाताळाच्या आठवड्यात वेण्णा तलावाजवळ तास-दीड तास गाड्या हलत नाहीत. म्हणून ही टप्पेवारी करताना महाबळेश्वरचा दिवस सोमवार ते गुरुवारमध्येच पडेल असा मुहूर्त काढा.

मुख्य बाजारपेठेत न थांबता सरळ सहा किलोमीटरवर क्षेत्र महाबळेश्वर गाठा. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे प्रवाह एकत्र होऊन गोमुखातून पडतात. गर्दी असते, पण पाचच मिनिटांच्या चालीवर कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे. तिथं क्वचितच कुणी येतं. गोमुख आणि कुंड तिथंही आहे, आणि देवळासमोरून कृष्णेचं खोरं थेट खाली धोमच्या दिशेनं उघडतं. काल रात्री जिथं होतात ते पाणी स्वच्छ हवेत इथून ओळखता येतं.

तसंच पुढं आर्थर सीटला गेलात तर सावित्रीची दरी दिसते. सावित्री या पाचांतली वेगळी. ती पश्चिमेला कोसळून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते, तर कृष्णा चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कठडा ओलांडून फोटो काढायचा मोह आवरा. जांभा दगडाची कड पावसाळ्यानंतर आतून पोखरलेली असते.

दुपारी तापोळ्याकडे निघा. अठ्ठावीसेक किलोमीटरमध्ये रस्ता सुमारे सातशे मीटर उतरतो. इथं ब्रेकची परीक्षा असते. ज्या गिअरमध्ये हा उतार चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बहुतेक ठिकाणी दुसरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड तापतात, करपट वास येतो आणि पेडल खोल जायला लागतं. असं झालं तर रुंद जागी गाडी थांबवा, वीस-पंचवीस मिनिटं निवू द्या; तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकडी होते. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरायचा, ‘डी’त सोडून द्यायची नाही. समोरून चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या; एसटीला तर द्याच.

टाकी वाई, महाबळेश्वर किंवा साताऱ्यात भरलेली असावी. तापोळा-बामणोलीच्या बाजूला पेट्रोलच्या भरवशावर उतरू नका. मोबाईलची रेंजही कुठं येते, कुठं जाते, त्यामुळे ऑनलाइन पैशांचं काम अडतं. होडी, जेवण, जागेचं भाडं यासाठी सुट्टे पैसे वेगळे ठेवा.

तापोळ्याला कोयना, सोळशी आणि कांदाटी यांची पाणी एकाच जलाशयात मिसळलेली आहेत. ‘मिनी काश्मीर’च्या पाट्या जागोजागी दिसतील, त्या बाजूला ठेवल्या तरी संध्याकाळी चार ते सहा होडीतून फिरण्याइतकं सुंदर ठिकाण आहे. लाइफ जॅकेट अंगात घालून, बंद लावून बसा. नुसतं खांद्यावर टाकलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर अंगात राहत नाही. दुपारनंतर वारा सुटला की शिवसागरावर चांगल्या लाटा उठतात. नावाडी नको म्हणाला तर नको.

पलीकडे गाडी नेणारे तराफे जलाशयावर चालतात. पण वेळा आणि पाण्याची पातळी बदलत असल्यानं पुढचा मुक्काम त्यांच्यावर टांगून ठेवू नका. मिळाला तर चांगलंच.

रात्रीची व्यवस्था

दोघांना तीन माणसांचा तंबू घ्या. जाहिरातीतल्या आकड्यात पिशव्यांना जागा धरलेली नसते. पाण्याकाठी डिसेंबरात पाऊस नसला तरी दव इतकं पडतं की पहाटे तंबू आतून ओला होतो. लोकांना वाटतं तंबू गळतोय. प्रत्यक्षात तो आपल्याच श्वासाचा ओलावा गार कापडावर जमलेला असतो. वरचं आच्छादन ताणून आतल्या कापडापासून चार बोटं लांब ठेवा आणि दोन्ही टोकांच्या झरोक्यांची जाळी उघडी राहू द्या. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की पहाटे जास्त गारठायला होतं. खाली अंथरायचं ताडपत्रीचं कापड तंबूच्या तळापेक्षा लहान असावं. बाहेर डोकावलं तर दवाचं पाणी त्यावरून घरंगळत थेट आपल्याखाली येतं.

खुंट्यांची गंमत वेगळी. पठारावर कातळ आणि जांभा, तिथं खुंटी घुसतच नाही. दोरी मोठ्या दगडाला बांधा आणि त्या दगडावर दुसरा दगड ठेवा. काठावरच्या भुसभुशीत मातीत उलट. खुंटी घुसते आणि वाऱ्याच्या एका झटक्यात निघते. तिथं हातभर लांब काठीच्या मधोमध दोरी बांधून ती आडवी वीतभर खोल पुरा आणि माती तुडवून दाबा. सगळ्या बाजूंनी असं करायची गरज नाही, वाऱ्याकडच्या दोन कोपऱ्यांना पुरतं.

झोपायच्या पिशवीपेक्षा खालच्या चटईवर जास्त खर्च करा. अंगाखाली दबलेली पिशवी ऊब देत नाही, आणि गारवा येतो तो जमिनीतूनच. पाच अंशांपर्यंतची पिशवी आणि फोमची जाड चटई एवढं इथल्या थंडीला पुरेसं आहे.

चुलीऐवजी गॅसची छोटी शेगडी. २३० ग्रॅमच्या एका डब्यात वारा अडवला तर दहा-बारा लिटर पाणी उकळतं. चौघांना तीन रात्रींचं साधं जेवण आणि सकाळचा चहा यासाठी तीन डबे धरा. पहाटे शेगडी मंद झाली म्हणजे डबा संपला असं नाही. गारठ्यानं आतला दाब उतरलेला असतो. डबा दहा मिनिटं जॅकेटच्या आत धरला की ज्योत पुन्हा नीट येते. डब्याला आगीजवळ नेऊन गरम करायचा आचरटपणा नको. तंबूच्या आत शेगडी किंवा निखारे कधीही नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर, स्वयंपाक धरून. जलाशयाचं पाणी प्यायचं झालं तर आधी तुरटी फिरवून अर्धा तास निवळू द्या, वरचं पाणी फडक्यातून गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट तसंच ठेवा. गढूळ पाण्यात क्लोरीनच्या गोळ्यांचा उपयोग कमी होतो, म्हणून आधी निवळणं महत्त्वाचं. भांडी काठापासून लांब नेऊन विसळा. खरकटं टाकलं की रात्री कुत्री आणि रानडुकरं हजर.

तिसरा दिवस: वेण्णेच्या बाजूनं खाली

तापोळ्याहून पुन्हा महाबळेश्वर चढायचं. सकाळी लवकर निघा, लिंगमळ्याला नऊपर्यंत पोचा. वेण्णेचा हा पहिला मोठा धबधबा. वाहनतळापासून झाडीतून चालत अर्धा-पाऊण तास. डिसेंबरनंतर पाण्याची बारीक धार उरते, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका. मग केळघर घाटातून मेढा, डावीकडे कण्हेरचा जलाशय आणि सातारा, मिळून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. महामार्गापेक्षा हा रस्ता अरुंद आहे, पण वेण्णेचं भातखाचरांचं खोरं असंच बघायचं असतं.

साताऱ्यात जेवण, किराणा आणि पेट्रोल उरका. तिथून कासमार्गे बामणोली छत्तीस किलोमीटर. सव्वा तास धरा. शेवटचा उतार अंधारात करू नका, वळणांवर गवे उभे असतात. बामणोलीला पोचल्यावर दुसऱ्या दिवसाच्या होडीचं आणि परवानगीचं रात्रीच विचारून ठेवा.

चौथा दिवस: वासोटा

या सहलीतली ही एकच चढाई पूर्ण दिवस खाते, आणि बहुतेकांची गणितं इथंच चुकतात. चढ काही फार मोठा नाही, पायथ्यापासून जेमतेम पाचशे मीटर. माथा ११७१ मीटरवर. अडचण वेळेची. सकाळी कागदपत्रं, मग होडी, मग चढ, आणि संध्याकाळच्या आत अभयारण्याबाहेर पडायचं बंधन.

वेळापत्रक उलटं मांडा. पाचपर्यंत बामणोलीला परत यायचं, तर साडेतीनला पायथ्याहून होडी सुटायला हवी. त्यासाठी पावणेदोनला माथा सोडायचा. चढायला दोन ते अडीच तास आणि माथ्यावर दीड तास धरला तर पावणेदहाला पायथ्याशी असायला हवं, म्हणजे होडी सव्वाआठला सुटायला हवी. म्हणजेच सात-साडेसातला सगळ्यांची नावं लिहिलेला कागद आणि ओळखपत्रांच्या प्रती घेऊन वन विभागाच्या कार्यालयापाशी. साताऱ्यात झोपून सकाळी निघणारे इथं उशिरा पोचतात, आणि मग माथ्यावर दहा मिनिटं थांबून पळत खाली येतात. म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम बामणोलीलाच हवा.

होडी माणशी नसते, अख्खी ठरते. चार जण असाल तर काठावर दुसरा गट शोधा, खर्च निम्मा होतो. पण परत सगळ्यांना एकत्रच यावं लागतं, म्हणून सोबतचा गट आपल्या चालीचा आहे का बघून घ्या.

वासोट्याच्या पायथ्याशी मेट इंदवलीला उतरल्यावर प्लास्टिक तपासतात. बाटल्या, पुड्या मोजून लिहिल्या जातात आणि परतताना तेवढ्या दाखवाव्या लागतात. सोपा उपाय म्हणजे जेवण स्टीलच्या डब्यात, पाणी धातूच्या बाटलीत. थोडं पुढं ओढ्याकाठी गणपती-मारुतीच्या मूर्ती आहेत. पाणी इथं भरून घ्या, प्रत्येकी दोन लिटर. इथून वाट दाट झाडीतून वर चढते. पुढं फाटा लागतो: एक वाट नागेश्वराच्या गुहेकडे, दुसरी किल्ल्यावर. एका दिवसात दोन्ही होतात असं ऐकवलं जाईल, पण आपलं वेळापत्रक पुन्हा एकदा वाचा.

ऑक्टोबरअखेरपर्यंत जळवा असतात. मोजे पँटच्या वर ओढा आणि त्यावर तंबाखूचं पाणी किंवा मीठ चोळा. चिकटलेली जळू ओढून काढू नका, तोंडाशी नखानं सरकवा किंवा मीठ टाका. रक्त जरा वेळ वाहत राहतं, घाबरायचं कारण नाही. माथ्यावर मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं आणि पश्चिमेला बाबूकडा. नालाच्या आकाराचा हा कडा सरळ कोकणात तुटलेला आहे, समोर जुना वासोटा हा डोंगर. याच जुन्या वासोट्यावर तोफा चढवून १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. कड्यांना आग्या माश्यांची पोळी असतात, म्हणून धूर, अत्तर, आरडाओरडा आणि दगड मारणं बंद. माश्या उठल्याच तर हातवारे न करता डोकं झाकून झाडीत शिरा आणि लांब जा.

साप चावला तर जखम कापू नका, करकचून बांधू नका, हात-पाय न हलवता रुग्णाला होडीपर्यंत उचलून न्या. इथून थेट साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय. १०८ ला रेंज मिळेल तिथून फोन करा, पण रुग्णवाहिकेची वाट बघत बामणोलीत थांबण्यापेक्षा आपल्याच गाडीनं निघून वाटेत गाठ घ्या. त्यासाठी गाडीत निदान अर्धी टाकी पेट्रोल असावं.

पाचवा दिवस: दोन संगम

बामणोलीहून सातारा, तिथून पूर्वेला चार-पाच किलोमीटरवर संगम माहुली. वेण्णा इथं कृष्णेला मिळते. दोन्ही तीरांवर पेशवाई काळातली देवळं आणि घाट आहेत. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचेच. पात्रात पोहायला उतरू नका, डोह कुठं आहे ते वरून कळत नाही.

कराड पन्नास किलोमीटर महामार्गानं. प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे, संध्याकाळी भेळेच्या गाड्या असतात. नदीचं म्हणाल तर ही जागा खरोखर वेगळी. दोन नद्या सहसा तिरक्या येऊन मिळतात. इथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि एकत्र होऊन काटकोनात पूर्वेला वळतात. कोयनेचं बरंचसं पाणी मात्र इथवर येतच नाही. वीजनिर्मितीसाठी ते बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे उतरतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं.

पुण्याला परतायचं असेल तर दुपारी तीनच्या आत निघा. एकशेसाठ किलोमीटर आणि रविवार असेल तर खंबाटकीची रांग. मुंबईकरांना आणखी एक रात्र असेल तर उलट कोयनेच्या काठानं वर जावं. कराडहून पाटण पस्तीसेक किलोमीटर, पाटणजवळ दातेगड. गाडी जवळजवळ माथ्याखाली जाते, चालणं अर्ध्या तासाचं, आणि वर कातळात कोरलेली तलवारीच्या आकाराची खोल पायऱ्यांची विहीर. पुढं कोयनानगर, नवज्याचा ओझर्डे धबधबा (नोव्हेंबरपर्यंतच जावं), आणि हेळवाकहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला मुंबई-गोवा महामार्ग. कुंभार्लीत अवजड वाहनं फार, दिवसाउजेडीच उतरा. आणि घरी पोचल्यावर तंबू त्याच दिवशी पिशवीतून काढून सावलीत पसरा. दवानं ओला झालेला तंबू तीन-चार दिवस गुंडाळलेला राहिला की बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते पुन्हा जात नाहीत.